मथुराकाकीचं नाक

रोज सकाळी चूल पेटवली की चहाचं आधण ठेवायच्या आधी मथुराकाकी फडताळातली चिनी मातीची बरणी काढायची. तोंडावर बांधलेला फडक्याचा दादरा सोडायची, चिमूटभर मसाला डाव्या तळहातावर घ्यायची, उजव्या अंगठ्याने एकदा चोळायची आणि डोळे मिटून त्याचा वास घ्यायची. मग तळहात झटकून दादरा पुन्हा बांधायची आणि चहाकडे वळायची. मसाल्याला ओल लागली की आधी नाकाला कळतं, असं ती सांगायची. पण बरणीला ओल कधीच लागत नसे आणि काकीचा हा नेम कधी चुकत नसे.

ती बरणी एका घरच्या मसाल्याची नव्हती. तोंडवलीतल्या आमच्या वाडीत शिमगा झाला की घराघरांतून वर्षाचा मसाला होतो. मिरच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, वाळतात, आणि धणे, बडीशेप, तिरफळं, दगडफूल असं एकेक जिन्नस चुलीवरच्या मोठ्या लोखंडी कढईत वेगवेगळं भाजलं जातं. त्यात धणे सगळ्यांत अवघड. दोन मिनिटं आधी काढले तर मसाल्याला कच्चा वास, दोन मिनिटं उशिरा काढले तर तो कडू, आणि मग तो कडूपणा वर्षभर ताटात. म्हणून भाजणीला एक नाक बसवतात. ती बाई झारा हातात धरत नाही, पाटावर बसून नुसता वास घेते आणि "काढ" म्हणते. दळून आणलेल्या मसाल्याची पहिली मूठ तिची. मथुराकाकीच्या बरणीत वीस-बावीस घरांच्या पहिल्या मुठी एकत्र नांदत होत्या. सकाळी ती सबंध वाडीचाच वास घ्यायची.

वाडीत दुसरं नाक होतं राधाबाईचं. ही काकीची शेजारीण, दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आलेल्या. कुणाचं नाक चांगलं हे वाडीने कधीच ठरवून टाकलं होतं आणि राधाबाईला बोलावणं यायचं ते काकीला ताप आला तरच. तरीही काकीला तिचा हेवा वाटायचा. राधाबाईच्या फणसाला गरे गोड, राधाबाईचे केस पन्नाशीतही काळे, राधाबाई पडल्या पडल्या झोपते. एकाच दिवशी काकीला तिच्यापुढे नमतं घ्यावं लागे. आपल्या घरच्या भाजणीला आपलं नाक चालत नाही, अशी वाडीची रीत आहे. त्यामुळे काकीच्या धण्यांना राधाबाई बसायची आणि राधाबाईच्या धण्यांना काकी. त्या दिवशी दोघी फारसं बोलत नसत.

गेल्या दिवाळीनंतर काकी मिटत गेली. काही घडलं नव्हतं, घडलं असतं तर सांगता तरी आलं असतं. ती मागच्या दारात बसून राहायची. भात करपायचा आणि तिला कळायचं नाही. दोन-दोन दिवस वेणी नाही. कुणी विचारलं तर "काय नाय" एवढंच. एका सकाळी शंकरकाका, तिचा नवरा, चुलीपाशी बसला होता. तिने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला आणि त्याच्या ध्यानात आलं, बरणी उघडलीच नाही. नंतरचे चार दिवस त्याने लक्ष ठेवलं. बरणी जागची हलली नाही.

तो देवळात गेला आणि गुरवाकडून देवाला कौल लावून घेतला. डॉक्टरकडे नेऊ का, एवढाच प्रश्न. देवाने उजवा, होकाराचा कौल दिला, त्यामुळे वाडीत कुणाला बोलायला जागा उरली नाही. शंकरकाकाने गाडी ठरवली आणि तिला तालुक्याला नेलं.

तिथे महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरीण बाईंनी जवळजवळ तासभर ऐकून घेतलं आणि बारीक पांढरी गोळी लिहून दिली. पहिला आठवडा अर्धी, मग पूर्ण. "काकी, ही गोळी आधी त्रास देते आणि गुण नंतर. मळमळेल, तोंडाला कोरड पडेल, हात थोडे थरथरतील. बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत कमी होतं. मधेच आपल्या मनाने बंद करायची नाही. जीव फार घाबरा झाला किंवा नको ते विचार आले, तर त्याच दिवशी फोन करायचा." फोन नंबर त्यांनी कागदाच्या कडेला मोठ्या अक्षरांत लिहून दिला.

त्रास आला तो सांगितल्याप्रमाणे आला. काकीचं तोंड उन्हात पडलेल्या करवंटीसारखं झालं. बशी धरली की चहा काठावरून उतरायचा. दिवसभर जांभया, पण त्या झोपेच्या नव्हेत. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे वास. मासळीचा, खोबऱ्याचा, ओल्या मातीचा, कुठलाही वास आला की पोटातून एकच उमासा. वास वेगळे राहिलेच नव्हते, सगळ्यांची मिळून एकच मळमळ झाली होती. मांजर बांगड्याचं डोकं खात बसलं तर काकी त्याच्याकडेही हेव्याने बघायची. शंकरकाका घोरायला लागला की म्हणायची, "घोरा, घोरा. तुमका काय जाता."

गोळी सुरू होऊन दहा दिवस झाले असतील. अनुजाकडून बोलावणं आलं. अनुजाचं नवीन लग्न झालेलं, सासरी पर्यटकांसाठी चार खोल्या, त्यामुळे मसाला दुप्पट.

"काकी आजारी आसा," शंकरकाकाने सांगून टाकलं.

"कोण आजारी?" आतून आवाज आला. "येतंय म्हणान सांगा."

ती गेली. पाटावर बसली. बायकांनी जागा करून दिली, कुणीतरी पाण्याचा तांब्या जवळ ठेवला. कढईत धणे पडले आणि तडतडू लागले. काकीने डोळे मिटले. मळमळ वर आली ती तिने गिळली. धणे तिच्यासमोर होते आणि तिला ते ऐकू येत होते, पण त्यांचा वास तिच्यापर्यंत पोचत नव्हता. वास येत नाही, एवढं तिने म्हणायला हवं होतं.

"काढू काय गो काकी?"

"रव," काकीने थांबवलं.

"आता?"

"रव म्हटलंय मा!"

धूर निघाला तेव्हा सगळ्यांना कळलं. पाच किलो धणे काळे पडले होते. अनुजाची सासू म्हणाली, "जावंदे, ढगाळ आसा, चुलीचा काय कळणा नाय." आकाश तर चकचकीत निळं होतं.

दुसऱ्या दिवशी अनुजाने राधाबाईला बोलावलं.

वारा समुद्राकडून होता आणि अनुजाचं खळं काकीच्या माडांच्या पलीकडेच. भाजणी चालू झाली की गलका इकडे यायचा. राधाबाईचा "काढ" स्पष्ट ऐकू आला, आणि मग हसणं. काकी मागच्या दारात तोंडाला पदर लावून बसली होती. त्यानंतर एकामागून एक बोलावणी गेली, सगळी राधाबाईकडे. काकी बोटांवर घरं मोजायची. आठ मुठी. नऊ. माझ्या आईपाशी ती म्हणाली, "गोळयेन माझा नाक काढल्यान आणि तिका दिल्यान."

आईने समजावलं की असं होत नसतं.

"होता. तू बघ, तिचा नाक आता वायच मोठाय दिसता."

अनुजाच्या भाजणीनंतर बाराव्या दिवशी तिने गोळ्यांची पाकिटं तांदळाच्या डब्यात तळाशी खुपसली. औषध गेलं की नाक परत येईल, असा तिचा हिशेब. पण वास आला नाही. उलट तिसऱ्या दिवशी उभं राहताच डोकं गरगरलं, आणि ती चुलीपाशी खाली बसून रडू लागली. किती तरी महिन्यांनी तिला रडू आलं होतं. शंकरकाकाने भात लावायला डबा उघडला, मापट्याबरोबर पाकीट वर आलं. कागद शोधून त्याने फोन लावला आणि तिच्या हातात दिला.

डॉक्टरीण बाई रागावल्या नाहीत. पुन्हा अर्धीपासून सुरू करा म्हणाल्या, तीही भरल्या पोटी, आणि आठवड्याने येऊन भेटा. तोवर नाहीच सोसलं तर दुसरं औषध आहे, पण ते आपण दोघी मिळून ठरवू. काकीने ऐकलं आणि मान हलवली. गोळी मात्र घेतली नाही. ती फळीवर ठेवून तिच्याकडे बघत बसली.

संध्याकाळी राधाबाई आली. कधी नव्हे ती.

"काय गो, जिती आसंस मा?" खळ्यातूनच तिने विचारलं.

"कित्याक? मेलंय तर तुका बराच."

"बरा खंयचा? तू गेलंस तर माझो हेवो कोण करतला?" राधाबाई उंबऱ्यावर टेकली. काकीकडे नीट बघितलं. "तोंड सुकता?"

काकीने पदर तोंडावर ओढला.

"कप धरलो की हात कापता. जांभये येतत, नीज येणा नाय. वास इलो की पोटात ढवळता."

"तुका कोणी सांगल्यान? ह्येनी?"

"सांगूक कोण कशाक होयो? तीन वर्सां झाली, मीय खाल्लंय."

"काय खाल्लंस?"

"तीच. बारीक, धवी, मधी रेघ."

"खोटा."

"आवशीची शप्पत."

काकीला ती तीन वर्षांपूर्वीची राधाबाई आठवली असावी. त्या साली राधाबाई कुणाच्या हळदीकुंकवाला गेली नव्हती, आणि तिला शिंगं फुटली आहेत असं विहिरीवर सगळ्यांत आधी बोलली होती ती मथुराकाकीच.

"कोणाक कळाक नाय ता?"

"कळांदेव कशाक? बाजाराक जातंय सांगान यष्टीन जाय होतंय. एकटी."

काकी एकदम उसळून म्हणाली, "म्हंजे ह्याच्यातय तू माझ्या फुडे!"

राधाबाई हसत सुटली. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले, आणि ते पुसणं जरा लांबलं. "तुका देवान सांगल्यान, घोवान गाडी करून न्हेल्यान. माका कोणी न्हेल्यान? मी तुझो हेवो करूचो नाय तर कोणाचो?"

हे काकीला नवीन होतं. आपला हेवा कुणी करत असेल हे तिच्या मनात कधीच आलं नव्हतं. ती थोडी सरळ बसली.

"किती दिस खाल्लंस?"

"डाक्टरान पुरे म्हणीपर्यंत. धा म्हयने."

"मगे मी बारा खातलंय."

"ता तुया ठरवचा नाय गो बाय, डाक्टरीण ठरवतली."

जाताना राधाबाईने कनवटीची खडीसाखरेची पुडी काढून दिली. तोंड सुकलं की एक खडा गालात धर. आधी पेज पी, मग गोळी. कपाचा कान धरू नको, दोन्ही हातांच्या ओंजळीत धर, म्हणजे हिंदकळत नाही. कुणाची भाजणी असली की वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन बस. हे सगळं तिने बाजाराची यादी सांगावी तसं सांगितलं. ती माडांच्या आड गेली तेव्हा काकीने पेज वाढून घेतली आणि अर्धी गोळी गिळली. शंकरकाका दारात उभा होता. "बघतास काय?" ती म्हणाली. "तिन्या खाल्ल्यान तर माका जमणा नाय?"

पुढचे दिवस सोपे नव्हते. खडीसाखर चार दिवसांत संपली. ओंजळीत धरलेला चहा निवून जायचा. एका दुपारी तिने पेज ओकून टाकली आणि राधाबाईला खळ्यातून ऐकू जातील अशा शिव्या घातल्या, पलीकडून तशाच परत आल्या. आठवड्याने ती डॉक्टरीण बाईंना भेटून आली आणि गोळी पुन्हा पूर्ण झाली. कधीतरी हात थांबले. जांभया कमी झाल्या. हे कुठल्या दिवशी झालं ते तिला सांगता येत नाही, दुखणं आलं तसंच सरकत गेलं.

वास मात्र एका सकाळी आला. अंगण झाडता झाडता ती थांबली.

"सुरंगी फुल्ली काय ओ?"

शंकरकाका जाळं शिवत होता. "वीस-पंचवीस दिस झाले. आता सरत इली."

काकी केरसुणी टाकून आत गेली. बरणीचा दादरा सोडला. तळाला दोन बोटं मसाला उरला होता, गेल्या सालचा. नव्या साली तिच्या वाट्याला एकही मूठ आली नव्हती. तो जुना मसाला तिने तळहातावर घेतला, चोळला आणि बराच वेळ हात नाकापाशी धरून उभी राहिली. बाहेर आली तेव्हा पहिलं वाक्य हेच, "तिची बरणी भरली असतली नाय?"

राधाबाईने स्वतःची भाजणी मात्र शेवटपर्यंत मागे ठेवली होती. वैशाख संपत आला, ढग जमू लागले, बायका म्हणू लागल्या की आता कधी करणार. आपलं नाक आपल्या घरी चालत नाही, आणि दुसरं बोलवायचं तर वाडीत दुसरं होतं कोण. एका सकाळी माडांतून हाक आली, "ये गो, माझे धणे रवलेत."

काकी नवी वेणी घालून गेली. वाऱ्याच्या वरच्या अंगाला मांडलेला पाट तिने उचलला आणि चुलीला लागून ठेवला. राधाबाईच्या फडताळात नवी बरणी दादरा बांधून बसली होती, काठोकाठ. काकीने ती एकदा बघितली, मग मान फिरवली. धणे पडले. झारा राधाबाईच्याच हातात होता. तडतड वाढली, रंग चढू लागला, आणि अनुजासकट सगळ्या बायका काकीच्या तोंडाकडे बघू लागल्या.

"काढू?" राधाबाईने विचारलं. "नाय तर सूड घेशीत हां."

काकीने डोळे मिटले, पुढे वाकली, एक श्वास घेतला.

"आणखी वायच रव गो. दोन मिन्टां."