लाइपझिगच्या परीक्षकांपुढून गेलेली वरात

११ एप्रिल. बँडच्या कोटांना बटणं लावायची होती. चौदा तारखेची मिरवणूक तीन दिवसांवर आलेली, आणि तिच्यामागे लग्नाच्या तारखा रांगेत उभ्या. आमचा बँड सानगडीचा. मालक नवरा, ढोल दिराचा, क्लॅरिनेट मुलीची. तारखा घेणं, कोट धुणं आणि सगळ्यांना वेळेवर गाडीत कोंबणं माझ्याकडे. त्या दिवशी दुपारी दीड वाजता मुलीची लाइपझिगच्या एका संगीत महाविद्यालयासाठी ऑनलाइन परीक्षा होती. त्याआधी निदान दहा कोट उरकायचे, असं मी ठरवलं होतं.

लाइपझिग हे जर्मनीतलं शहर. मुलीनं त्याचा इतका अभ्यास केला होता की आमच्या घरात तालुक्याच्या साकोलीपेक्षा लाइपझिगचीच माहिती जास्त झाली होती. तिथं गाणाऱ्या मुलांची शाळा आठशे वर्षांपासून चालू आहे. तिथला मोठा वाद्यवृंद पूर्वी कापडवाल्यांच्या वखारीच्या माडीवर वाजवायचा. नवरा हे ऐकायचा आणि म्हणायचा, “बरं मग?” एक दिवस तिनं सांगितलं की पूर्वी त्या शहराचे स्वतःचे वाजंत्री असत. ते मनोऱ्यावर चढून वाजवत, गावातल्या लग्नांत वाजवायचा हक्क त्यांचाच असे, आणि बाहेरचे वाजवणारे घुसले की भांडणं होत. गाणाऱ्या मुलांच्या त्या शाळेच्या एका संगीतमास्तरनं तर, यंदा हवा चांगली असल्यामुळे मयती कमी झाल्या आणि आपलं काम बुडालं, अशी पत्रात तक्रार केली आहे.

नवरा उठून उभाच राहिला. “अवो, हे तं आपलेच लोक हायेत!” त्या दिवसापासून त्याचा विरोध संपला.

वयाच्या अटीमुळे मुलीला यंदाचा एकच अर्ज करता येणार होता. ही परीक्षा पास झाली तर जूनमध्ये तिथं जाऊन शेवटची द्यायची. नाही झाली तर विषय बंद.

आदल्या दिवशी सूचना आल्या. उमेदवारानं खुर्चीत बसावं. तोंड आणि बोटं सतत दिसावीत. वेळ पंधरा मिनिटं. मुलगी खुर्चीत बसली, क्लॅरिनेट तोंडाला लावली आणि तिसऱ्या ओळीला थांबली. परत सुरू केलं, परत तिथंच थांबली.

“श्वास पुरत नाई, आई.”

“काहून? रोज तं पुरते.”

“चालताना पुरते. बसली की मले वाटते वरात अडली.”

आता हे बाहेरच्याला सांगावं लागेल. आमच्याकडे वरात पुढं सरकते तोवर क्लॅरिनेट वाजते. नाचणाऱ्यांनी रस्ता अडवला की क्लॅरिनेट थांबते आणि ढोल घुमतो. मुलगी दहा वर्षांची असल्यापासून हेच करत आली. परीक्षेचा जर्मन तुकडासुद्धा तिनं तलावाच्या पाळीवर फेऱ्या मारून पाठ केला होता. पाय थांबले की दम थांबायचा. मी तिला जागच्या जागी पाय आपटायला लावलं, तर सुराला उचकी लागली आणि डोकं दर पावलाला चौकटीबाहेर जायला लागलं.

उपाय दिरानं काढला. “वहिनी, पोरगी थांबत नाई ना? मंग कॅमेरा चालवू.”

म्हणून ११ तारखेला दुपारी दीड वाजता आम्ही वरातीतली लायटीची हातगाडी रस्त्यावर काढली. तिच्यावर लॅपटॉप, तो माझ्या परकराच्या नाडीनं बांधलेला. पडदा दिसावा म्हणून वर नवरदेवाची झालरीची छत्री, ती माझ्या हातात. दीर गाडी पुढून ओढणार, गाडीमागून मुलगी लॅपटॉपकडे तोंड करून वाजवत येणार. एप्रिलच्या उन्हात त्या वेळेला रस्त्यावर कुत्रंही नसतं, हा माझा हिशेब. बँडची माणसं नुसती बघायला आली होती. नवऱ्यानं मात्र कोट घातला, एक बटण कमी असलेला.

पडद्यावर तीन परीक्षक आले. मधले म्हातारे होते. मुलीनं त्यांना इंग्रजीत सांगितलं की मला चालत वाजवावं लागेल. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मधल्यांनी हात हलवला. तो हात ‘चालू दे’ म्हणत होता की ‘नको’, हे विचारण्याआधीच दिरानं गाडी ओढली.

पहिली सहा मिनिटं उत्तम गेली. एकही श्वास तुटला नाही. मग आम्ही बाजाराच्या गल्लीत वळलो. तिथं त्या दिवशी लग्न होतं आणि वरात बपेऱ्याहून यायची होती. त्यांनी बँड दुसऱ्याचा केला होता, म्हणून मी ती तारीख डोक्यात ठेवलीच नव्हती. वरात दोन तास उशिरा. नवरीकडची माणसं मांडवात भुकेली बसलेली. त्यांनी क्लॅरिनेट ऐकली, झालरीची छत्री पाहिली आणि सगळी बाहेर धावली.

“आली बाप्पा, आली एकदाची!”

नवरीच्या काकांनी दिराला मिठी मारली आणि गळ्यात हार घातला. “एवढा उशीर करतेत का, पाव्हणे?”

“मी पाव्हणा नाई, मी ढोलवाला,” दीर म्हणाला, पण गाडी सोडता येईना.

“अन् नवरदेव कुठी हाय?”

“जर्मनीची परीक्षा चालू हाय,” नवरा म्हणाला. नवरदेवाची परीक्षा आहे, असा अर्थ घेऊन दोन बाया हळहळल्या.

नवरीची मावशी ताट घेऊन थेट गाडीपाशी आली. लॅपटॉपात तीन गोरे, गंभीर लोक बसलेले. हल्ली परगावचे नातेवाईक असेच लग्नाला हजर असतात, त्यामुळे तिला काही वेगळं वाटलं नाही. “दुरून आले हो बिचारे,” म्हणत तिनं तिघांनाही पडद्यावर कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, आणि छत्रीखाली नीट दिसेना म्हणून ओल्या कुंकवाचं बोट कॅमेऱ्यावरही टेकवलं.

गर्दीनं गाडी अडली होती. वरात अडली होती. मी मुलीकडे पाहिलं. आता थांबेल आणि सगळं संपेल. ती खरंच अडखळली. मी छत्री दिराच्या डोक्यावर टेकवली, तिचे दोन्ही खांदे धरले आणि तिला मांडवाभोवती फिरवत राहिले. दोन फेऱ्या झाल्या. तुकडा पुरा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकानं विचारलं, “ओळखीचं गाणं नाई का वाजवत?”

मी पदरानं कॅमेरा पुसला. तिघं अजून बसले होते.

मधल्या म्हाताऱ्यांनी मुलीला इंग्रजीत विचारलं, “तू बसून वाजवू शकतेस?”

मी तिला डोळ्यांनी ‘हो म्हण’ सांगितलं. ती म्हणाली, “नाही.”

ते म्हणाले, “आमच्या गावातले जुने वाजंत्रीही लग्नांच्या पुढून चालायचे. पण आता वाद्यवृंदात ऐंशी माणसं असतात. ती चालायला लागली तर दार पुरणार नाही.” मग त्यांनी कपाळावर हात नेला, बहुधा आपल्यालाही कुंकू लागलं की काय ते बघायला, आणि पडदा बंद झाला.

खरी वरात आली तेव्हा नवरीकडच्यांचा हार संपला होता. दिरानं गळ्यातला काढून दिला.

संध्याकाळी ईमेलनं पत्र आलं. मुलीनं वाचलं, मग नवऱ्याला वाचून दाखवलं, मग मला. सूर आणि दम दोन्ही पसंत. जूनच्या परीक्षेला यावं. अट एकच, सबंध पंधरा मिनिटं खुर्चीत बसून वाजवायचं. नाही जमलं तर प्रवेश नाही.

“जमन का, आई?”

“जूनले वेळ हाय अजून,” मी म्हटलं आणि राहिलेले कोट पुढं ओढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी प्लास्टिकची खुर्ची अंगणात ठेवली, मुलीला तिच्यात बसवलं, उठू नये म्हणून मांडीवर लाखोरीच्या डाळीची दहा किलोची थैली ठेवली आणि म्हटलं, “वाजव.” मग नवऱ्याच्या कोटाचं राहिलेलं बटण घेऊन तिच्यासमोर बसले.