आबांच्या दारातल्या अक्का

प्रमिलाअक्कांची आणि माझी पहिली भेट दारात झाली आणि त्या भेटीत त्यांनी मला आत घेतलं नाही. गौरव अंकातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, असं संपादक मंडळातल्या एका स्नेह्यांनी मला सुचवून पाहिलं. पण घडलं ते असंच, त्याला मी काय करू. वैशाखातली दुपार होती. चोपड्याहून एसटीने जळगावला उतरून, घामाने निथळत मी आपल्या केळी उत्पादक संघाच्या कचेरीत पोचलो. संगणक विभागात माझी नेमणूक झाली होती. मी त्या विभागाचं दार ढकललं, गार हवेचा झोत अंगावर आला आणि त्याच्या पाठोपाठ आवाज आला, "कोण?"

मी नाव सांगितलं. "काम काय?" तेही सांगितलं. "पाठवलं कोणी?" मी व्यवस्थापक साहेबांचं नाव घेतलं. "मग त्यांना विचारून घेते. तोवर बाहेर थांबा." दार बंद झालं. मी मनात म्हटलं, दिलीपराव, इथे आपलं काही खरं नाही. यात माझा अपमान वगैरे काही नव्हता, हे सहकाऱ्यांनी पुढे समजावून सांगितलं. तेव्हा अख्ख्या कचेरीत तेवढी एकच खोली थंड असायची आणि जळगावच्या उन्हाळ्यात ज्याला त्याला तिथे निकडीचं काम निघायचं. अक्का सगळ्यांना हेच तीन प्रश्न विचारायच्या. उत्तर पटलं नाही तर माणूस पुन्हा उन्हात. त्या काळात त्यांच्यावर चिडून असणारी माणसं पुष्कळ होती, आणि त्यांतली निम्मी आज याच अंकात त्यांच्यावर लेख लिहीत आहेत.

त्या थंड खोलीत आबा राहत. आबा म्हणजे आपला मेनफ्रेम संगणक, कपाटाएवढा. संघाच्या संस्थापकांनी तो मोठ्या हौसेने आणला आणि शिंदखेड्याहून गणिताची पदवी घेऊन आलेल्या प्रमिलाअक्कांच्या हवाली केला. मधल्या काळात आबांचे अवयव बदलले, एकदा तर सगळा देहच नवा आला, पण अक्कांनी लिहिलेले प्रोग्रॅम आत जसेच्या तसे चालत राहिले. कोणाची बाग कधी तयार होणार, कापणी कधी, गाडी कोणती, हे सगळं आबा ठरवत. आपल्या संघाचा नियम जुना आहे. तयार बागांमध्ये लहान बाग आधी कापायची, मोठी मागून. मोठ्या बागायतदाराच्या दारात चार व्यापारी उभे असतात. दोन बिघ्यांच्या शेतकऱ्याला संघाची एकच गाडी, ती चुकली तर घड झाडावरच पिकतो. ही पाळी आबांच्या पोटात होती आणि तिला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

खुद्द अक्कांचीही नव्हती. त्यांचे दीर एकदा त्यांच्याकडे आले, तेव्हा मी तिथेच होतो. त्यांची बाग मोठी, पाळी लांब, आणि घरात लग्न. ते म्हणाले, "वहिनी, आपला माल जरा पुढे घ्या. कोणाला काय कळतंय?" अक्कांनी त्यांना आग्रह करकरून भरीत-भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "भाऊजी, पाळी आबा ठरवतात." दीर म्हणाले, "पण आबांना शिकवलं तुम्हीच ना?" "म्हणूनच," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी आणखी एक भाकरी पानात टाकली. भाऊजी जेवून गेले. लग्नही व्यवस्थित पार पडलं.

एवढं वाचून कोणाला वाटेल की बाई कडक, दगडाच्या. माझ्या वडिलांचं धुळ्याला ऑपरेशन होतं, तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर एकटाच बसलो होतो. समोर पाहतो तर अक्का. एसटीने आलेल्या, हातात डबा, खांद्याला पिशवी. आल्या आल्या त्यांनी पिशवीतून एका प्रोग्रॅमचे छापील कागद काढून माझ्यापुढे ठेवले. "यात चूक आहे, शोध." मला रागच आला. ही काय वेळ आहे? पण शोधत बसलो, आणि डॉक्टर बाहेर येईपर्यंत माझं डोकं ठिकाणावर राहिलं. चूक काही सापडली नाही. परत जाताना म्हणाल्या, "नव्हतीच. तुला रिकामं बसू द्यायचं नव्हतं." माझे वडील आज चालते-फिरते आहेत आणि अक्कांचं नाव निघालं की हात जोडतात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, कारण अक्कांचं थोरपण कशात आहे हे तिच्याशिवाय कळणार नाही. काही वर्षांपूर्वी शीतगृहं, वाहतूकदार आणि परदेशी माल पाठवणारे व्यापारी, सगळ्यांनी एकच धोशा लावला. त्यांचे संगणक आपल्या संगणकाशी थेट बोलले पाहिजेत. तोवर सगळे निरोप संघाच्या धुळ्याच्या कचेरीत फोनवर यायचे आणि तिथली मंडळी ते हाताने आबांना भरवायची. संचालक मंडळापुढे एका बाहेरच्या कंपनीचा प्रस्ताव आला: हे जुनं धूड भंगारात काढा, आमची तयार प्रणाली घ्या. प्रणाली दिसायला देखणी होती. पण तिच्यात ज्याचा माल जास्त त्याची गाडी आधी, आणि ते काही केल्या बदलता येत नव्हतं. म्हणजे आबा गेले की लहान बागांची पाळीही गेली. पणाला लागलं होतं ते हे.

कोणी म्हणालं, मग आबांची तार सरळ बाहेर जोडून टाका. अक्का ताडकन उठल्या. आपले अध्यक्ष, ज्यांना आपण सगळे नाना म्हणतो, मान हलवत आपल्या अहिराणीत म्हणाले, "अक्का, सोपं करी सांगा." अक्का म्हणाल्या, "नाना, गावाकडे म्हाताऱ्या आबांच्या खोलीत कोणी भसकन शिरतं का? ओट्यावर घरातली थोरली बाई बसलेली असते. कोण, कुठला, काय काम, ते ती विचारते. आलेला माणूस कुठल्याही बोलीत बोलो, आबांना समजेल अशा शब्दांत आत जाऊन सांगते, आणि आबांचं उत्तर त्याला त्याच्या बोलीत आणून देते. आपल्याला तशी बाई दारात बसवायची आहे."

ती बाई म्हणजे एक पेटी. बाहेरून आलेल्या निरोपाची ओळख पटवायची, तो आबांच्या भाषेत उतरवायचा, जाता-येता कुलूपबंद ठेवायचा, या कामापुरतंच बनवलेलं वेगळं यंत्र. एका तरुण संचालकांनी विचारलं, साध्या संगणकावर हेच काम करता येणार नाही का? अक्का म्हणाल्या, "येईल की. मग त्याच संगणकावर कोणी पत्रं टाइप करील, कोणी सिनेमा बघील. त्याला शंभर दारं. हिला दुसरं कामच येत नाही. आणि हिचं झाकण कोणी उघडलं, तर आतल्या किल्ल्या आपोआप पुसल्या जातात." नाना म्हणाले, सर्वांसमक्ष चाचणी घ्या. जमलं तर आबा राहतील, फसलं तर पुढच्या हंगामाला बाहेरची प्रणाली. हे इतिवृत्तात लिहिलं गेलं.

पेटी आली. आम्ही महिनोन् महिने खपलो. आबांची अक्षरं जुन्या वळणाची, बाहेरच्यांची नवी. एक निरोप नीट आत जाऊन नीट बाहेर आला की आम्ही सणासारखा चहा प्यायचो. आणि याच दिवसांत एक गोष्ट आपल्याच माणसांकडून घडली. धुळ्याच्या मंडळींनी पेटीत नानांसाठी खास मुभा ठेवली. नानांच्या नावाने काहीही आलं तर ओळख न विचारता आत सोडायचं. यात कोणाचं वाकडं मन नव्हतं. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना "कोण तुम्ही?" असं विचारणं म्हणजे पाप. ज्यांनी संघासाठी हयात घालवली, त्यांना एका डब्याने दारात अडवायचं? कोणाला ते रुचेना.

अक्कांनी ती मुभा पाहिली आणि काढून टाकली. मी म्हटलं, "अक्का, नाना दुखावतील. चाचणीचा निकाल त्यांच्याच हातात आहे." त्या म्हणाल्या, "दिलीप, चोराला माहीत असतं आपण कोणाला विचारत नाही ते. तो त्याच नावाने येतो." मला त्या रात्री झोप लागली नाही हे खरं, पण उलट बोलायची हिंमतही झाली नाही.

चाचणीच्या दिवशी सभागृह भरलेलं. समोर मोठा पडदा, पहिल्या रांगेत नाना आणि संचालक, मागे चोपड्याहून आलेले शेतकरी. शीतगृहाच्या संगणकाने निरोप पाठवला. पेटीने ओळख तपासली, भाषा बदलली, आबांना दिलं. आबांनी पाळी लावली, वाहतूकदाराला गाडी कळवली, आणि पडद्यावर पहिलं नाव उमटलं. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका दोन बिघ्यांच्या बागेचं. मागच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या आणि पुढपर्यंत आल्या. एकामागून एक निरोप चालू लागले, कुठे अडकले नाहीत.

तेवढ्यात पडद्यावर लाल ओळ आली. पाळी बदलण्याचा हुकूम, अध्यक्षांच्या नावाने. त्यांची बाग पहिली घ्यावी असा. आणि खाली पेटीचं उत्तर: ओळख पटली नाही, प्रवेश नाही.

टाळ्या थांबल्या. संघाच्या सभागृहात, सगळ्या सभासदांदेखत, नानांना यंत्राने दारात उभं केलं होतं. धुळ्याचे अधिकारी गडबडून उठले. "साहेबांना मुभा होती, कशी गेली कळत नाही." अक्का जागेवरून म्हणाल्या, "मी काढली." मला वाटलं, संपलं. आबाही गेले, पाळीही गेली. अक्का शांतपणे नानांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "नाना, तुम्ही आत्ता काही पाठवलंत का?"

नानांनी दोन्ही हात वर केले. "मी ते आठे बठेल शे," ते म्हणाले, म्हणजे मी तर इथेच बसलोय. त्यांचा फोन खिशातच होता. मग कोणी पाठवलं? चौकशी केली तर नानांच्या शेतावरचे कारभारी निघाले. नानांनी कधीतरी त्यांना आपला पासवर्ड सांगून ठेवला होता. बिचाऱ्यांना वाटलं, एवढ्या मोठ्या दिवशी मालकांचीच बाग मागे कशी राहणार? म्हणून पाठवून दिलं. पेटीने पासवर्डावर भागवून घेतलं नाही, फक्त नानांकडेच असलेली दुसरी खूण मागितली, आणि ती कारभाऱ्यांकडे नव्हती. जुनी मुभा असती, तर सगळ्यांसमोर पहिल्याच दिवशी अध्यक्षांची बाग लहान बागांच्या डोक्यावरून पुढे गेली असती, आणि नानांना ते कळलंही नसतं.

नाना त्या लाल ओळीकडे पाहून हसू लागले, अगदी पोट धरून. "आते माले बी इचारतस का, कोन शे म्हनीसन," ते म्हणाले, आणि उभं राहून मागच्या रांगांकडे वळले. "चांगलं शे. बठ्ठासले इचारा." म्हणजे सगळ्यांनाच विचारा. त्या दिवशी आबा राहिले, पाळी राहिली, आणि सभागृहातल्या माणसांनी अक्कांना अक्षरशः खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं. दोन बिघेवाले ते शेतकरी पुढे आले आणि अक्कांच्या पाया पडले. अक्का त्यांच्यावरही रागावल्या, पण डोळे पुसत रागावल्या. आम्ही जिंकलो होतो, आणि ते सांगताना आजही माझी छाती फुगते. त्यानंतर एकही हंगाम असा गेला नाही की लहान बागेची गाडी चुकली.

त्याच दिवसापासून कचेरीत त्या पेटीला सगळे "अक्का" म्हणू लागले. खऱ्या अक्कांनी आकांत केला, "डब्याला माझं नाव देता?" पण नाव चिकटलं ते चिकटलं. आता धुळ्याची नवी पोरंही सहज म्हणतात, "अक्कांनी सोडलं नाही, कागद नीट करून पाठवा."

अक्का निवृत्त झाल्या. निघण्याआधी त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःचा प्रवेश बंद केला. गेल्या महिन्यात, या साठीच्या समारंभाचं ठरवायला त्या कचेरीत आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "कांदेबाग केळीची पाळी कशी लागली बघू," आणि सवयीने माझ्या खुर्चीत बसून आपलं नाव टाकलं. पडद्यावर लाल ओळ आली. ओळख पटली नाही, प्रवेश नाही. मी ओशाळलो. "थांबा अक्का, मी उघडून देतो," म्हणून हात पुढे केला, तर त्यांनी तो धरून ठेवला. त्या लाल ओळीकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी चाचणीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. पेटीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "शाब्बास गं बाई." आणि उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. पाळीचा कागद मी त्यांना तिथे नेऊन दिला.

अक्का, आज तुमची साठी. तुम्हाला निरोगी आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, डोळ्यांना बारीक अक्षर दिसत राहो आणि तुमचा राग आहे तसाच राहो, या शुभेच्छा तर आहेतच. पण संघातल्या लहानमोठ्या सर्व बागांच्या वतीने माझं एक मागणं आहे. दर हंगामाला जळगावला या आणि त्या दारात उभ्या राहा. आतून तुम्हाला "कोण?" असं विचारलं जाईल. उत्तर द्यायला तुम्ही अजून पुष्कळ वर्षं तिथे असा.