बूस्टचा काटा आणि कानसेन

कानसेन पहिल्यांदा नजरेत भरले ते गाडी चालवताना नव्हे, तर बॉनेटला कान लावून उभे असताना. शाळा टेकडीवर, वस्ती खाली. शिक्षिकांना वर नेण्याआणण्याचं काम त्यांच्या सात आसनी गाडीकडे होतं. त्या सकाळी सगळ्याजणी आत खोळंबल्या होत्या, शाळेची घंटा व्हायला आली होती आणि हे गृहस्थ नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे डोळे मिटून इंजिनाचं ऐकत होते. मग म्हणाले, "बेल्ट सैल झालाय. आज पोचवेल, उद्या नाही." दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्याची गाडी मागून घेऊन आले.

कानसेन हे नाव त्यांना मेहुण्यानं ठेवलं होतं. बायकोचा धाकटा भाऊ तो, गाड्यांचं गॅरेज चालवायचा. "आमच्या बहिणीच्या नशिबी तानसेन नव्हता," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "निदान कानसेन तरी मिळाला." कानसेनांना हे नाव मनातून आवडायचं.

गाडी पेट्रोलवरची, टर्बोची. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. चढणीवर पाय दाबला की तो बारीक शिट्टी घालतो. त्या शिट्टीवर कानसेनांचा फार जीव. ती कानी पडली की पुढचं वळण ते निर्धास्त घ्यायचे.

गेल्या वर्षी ती शिट्टी क्षीण झाली, मग थांबलीच. कानसेनांनी काचा वर करून ऐकलं. रेडिओ बंद करून ऐकलं. चढण लागली की शिक्षिकांना गप्प बसवायला लागले. हे काम तोवर मुख्याध्यापिकांनाही जमलेलं नव्हतं. तशाही शिक्षिका हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, अशी कानसेनांची तक्रार होतीच.

"मेव्हणे, तुमचा टर्बो मेला," त्यांनी गॅरेजात जाऊन सांगितलं. टर्बो मेहुण्यानंच नवा बसवला होता. त्यानं गाडी फिरवून आणली. "ठणठणीत आहे, भावोजी." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र कानसेनांचा तोल गेला. "स्वतः बसवलाय ना, मग ठणठणीतच म्हणणार!" मेहुण्यानं हातातला पाना बाकावर ठेवला आणि आत निघून गेला.

त्या दिवशी जेवताना कानसेन म्हणाले, "गाडी विकून टाकतो. शिक्षिकांना अर्ध्या चढणीवर उतरवायची पाळी यायच्या आत काम सोडलेलं बरं."

"आणि दिवसभर घरात करणार काय?" बायको म्हणाली. "माझ्या मिक्सरला कान लावून बसणार?"

एरवी ते हसले असते. त्या दिवशी अर्धं ताट तसंच सरकवून उठले. उभं आयुष्य स्टिअरिंगवर गेलेलं. ते सुटलं तर या हातांचं करायचं काय, हे त्यांना खरंच सुचत नव्हतं. बायकोनं ते ओळखलं आणि सकाळी उठून भावाचं गॅरेज गाठलं. "तुझा टर्बो आणि त्यांचा कान, काय तो एकदाचा निकाल लाव."

मेहुण्यानं डॅशबोर्डवर बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब दाखवणारा, गेज बसवला. छोटी गोल तबकडी, मधे शून्य, आणि मागून इंजिनाच्या हवेच्या वाटेपर्यंत गेलेली बारीक नळी. सुट्टीच्या दिवशी तिघं गाडीत बसले. कानसेनांनी चावी फिरवली आणि काटा शून्याच्याही खाली गेला.

"बघा! मेलेल्याहून मेला!"

"भावोजी, जरा दम धरा. गाडी उभी असताना इंजिनाच्या हवेची झडप जवळजवळ बंद असते. तरी ते हवा ओढतंच. नळीनं पाणी पिताना कुणी खालचं टोक बोटानं दाबलं तर गाल आत जातात ना, तसं. काटा खाली आहे आणि हलत नाही, म्हणजे इंजिनाची तब्येत छान. शून्य म्हणजे बाहेरच्या हवेइतका दाब. त्याच्या वर गेला की टर्बो हवा कोंबतोय म्हणायचं."

"आणि किती वर गेला पाहिजे?"

"बार म्हणजे दाबाचं माप. तुमच्या गाडीत पाऊण बारच्या जरा पुढे. झटकन जाऊन तिथे टिकला तर सगळं ठीक. रेंगाळत गेला आणि निम्म्यावर अडकला, तर कुठेतरी हवा गळतेय. फार वर सुटला तरी वाईटच."

चढण आली. कानसेनांनी पाय दाबला. काट्यानं शून्य ओलांडलं, सरसर पाऊण बारच्या पुढे गेला आणि खिळल्यासारखा उभा राहिला. वळणावर पाय उचलला तसा खाली आला, दाबला तसा पुन्हा तिथेच. कानसेनांनी जिवाचा कान केला. इंजिनाची जाड घरघर ऐकू येत होती. तिच्यावर काहीच नव्हतं.

"अगं बाई, किती किंचाळतेय ही!" मागून बायको म्हणाली. "हीच का हो ती तुमची शिट्टी? कान किटले माझे."

मेहुण्यानं चमकून भावोजींकडे पाहिलं.

कानसेनांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. काटा शून्यावर आला.

"मेव्हणे," ते म्हणाले, "टर्बो चांगला बसवलाय तुम्ही. मी उगाच बोललो."

"अहो भावोजी, त्यात काय..."

"नाही. उगाच बोललो."

एव्हाना बायकोच्याही सगळं ध्यानात आलं होतं. ती पुढे वाकली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जायचं!"

"ओरडू नकोस गं. एवढं येतं ऐकू."

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वयानुसार बारीक, उंच आवाज आधी जातात. यंत्र लावलं तर बरंच परत मिळेल, पण सगळं नाही. "गाडी?" एवढंच कानसेनांनी विचारलं. यंत्र लावून चालवायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तरी कानसेन स्वतः मुख्याध्यापिकांकडे गेले आणि हातचं काही न राखता सगळं सांगून आले. धुक्यात दिसत नाही तेव्हा वळणापलीकडचा हॉर्नच कामाला येतो आणि त्या हॉर्नची आता आपल्याला खात्री नाही, हेही त्यांनी सांगितलं.

पहिल्या आठवड्यात काट्यावरून त्यांची नजर हटेना. "काका, त्या घड्याळात किती वाजले ते मागाहून बघा," चित्रकलेच्या शिक्षिका ओरडल्या, "समोर ट्रक आहे!" मग हळूहळू ओझरतं बघून भागायला लागलं.

शाळेच्या फेऱ्या अजून तेच करतात, कानात यंत्र घालून. धुक्याच्या दिवशी त्यांची गाडी मेहुण्याच्या गॅरेजात उभी असते आणि शिक्षिका बसनं जातात.