तिला माझं ऐकू जात नाही

“मला तिचं ऐकू येतं. तिला माझं ऐकू जात नाही. तेवढं नीट करून द्या.”

तक्रार एवढीच होती. कॉल परदेशी जात होता म्हणून मोबाइल कंपनीच्या कस्टमर केअरने ती आमच्याकडे पाठवली होती. आमचे मॅनेजर शिर्के सर म्हणाले, “ऑडिओचा प्रॉब्लेम दिसतोय. नेटवर्क टीमला दे.”

मी दिली नाही. मी फ्रॉड कंट्रोलला आहे आणि ज्या रूटवरून हा कॉल जात होता, त्याच्याबद्दल मला आधीपासून शंका होती.

आमची कंपनी सिमकार्ड विकत नाही. मोबाइल कंपन्यांचे परदेशी जाणारे कॉल आम्ही घेतो आणि पुढे देतो. चिंचवडहून आखातात लावलेला फोन एकाच कंपनीच्या हातून पोचत नाही. तो आमच्याकडे येतो, आम्ही एखाद्या सप्लायरला देतो, तो आणखी कोणाला. पलीकडे फोन उचलला की उलट एक सिग्नल येतो, आन्सर. तिथून बिल सुरू.

हा सिग्नल सगळे विश्वासाने घेतात. पण मधलाच कोणी तो खोटा पाठवू शकतो. कॉल पुढे द्यायचाच नाही. आपणच ‘उचलला’ म्हणून कळवायचं आणि एक रेकॉर्ड केलेला आवाज लावून द्यायचा. माणूस हॅलो हॅलो करतो, वैतागून ठेवतो. तेवढ्या वेळाचं बिल सप्लायर आम्हाला लावतो, आम्ही मोबाइल कंपनीला, ती गिऱ्हाइकाला. आमच्याकडे याला फॉल्स आन्सर म्हणतात.

मी त्या तक्रारदाराचे कॉल काढले. बोलणं आम्हाला ऐकता येत नाही, फक्त कोणी कोणाला किती वेळ फोन केला ते दिसतं. रोज संध्याकाळी एक कॉल, एकाच नंबरला. रोज आन्सर्ड. आणि सगळे कॉल जवळजवळ सारख्याच लांबीचे. माणसं अशी मोजून बोलत नाहीत.

सप्लायरच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, “मॅम, रूट एकदम क्लीन आहे. टेस्ट करून बघा.”

आम्ही टेस्ट केली. क्लीन निघाला. त्यात नवल नव्हतं. टेस्टचे नंबर हे लोक ओळखून असतात, तेवढे कॉल नीट जाऊ देतात.

“टेस्टमध्ये काही नाही, तर तो भांडणार,” सर म्हणाले. “पलीकडच्या माणसाकडून पुरावा हवा. फोन वाजलाच नाही, असा.”

तक्रार करणारे गायकवाडकाका थेरगावात, डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत राहत होते. माझ्या घरी जायच्या वाटेवरच. त्यांना विचारून मी गेले. चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्र्याचे पार्ट काढायच्या कामावर, नोकरी करून रिटायर झालेला माणूस. बायको वारलेली. एकुलती मुलगी प्रज्ञा नर्स. तिला आखातातल्या हॉस्पिटलात नोकरी लागली तेव्हा बापलेकींचं जोरात भांडण झालं. “जायचं तर जा, पण मग मला फोन करू नको,” असं काका बोलून गेले. ती गेली. पोचल्यावर एक मेसेज आला. पोचले, हा माझा नंबर. त्यानंतर काही नाही.

“मी पण हट्टाला पेटलो होतो,” काका म्हणाले. “मग राहवलं नाही. लावला फोन. आणि तिने उचलला.”

“काय बोलते ती?”

“हॅलो म्हणते. दोन-तीनदा. मग फोन बंद होतो. माझा आवाज जात नाही ना तिकडं. पण ताई, रोज उचलते. राग असता तर उचलला असता का?”

मी त्यांना फोन लावायला सांगितला. बटणांचा साधा फोन होता. त्यांनी स्पीकर सुरू केला. रिंग गेली आणि एका बाईचा खरखरीत आवाज आला, “हॅलो?… हॅलो?”

काका पुढे वाकले आणि भराभर बोलू लागले. “प्रज्ञा, जेवण झालं माझं. गुडघा बरा हाय. पाणी अजून दिवसाआडच येतंय. तुझ्या खोलीतला पंखा बदलला. जप स्वतःला.”

“हॅलो?” परत तोच आवाज. आणि कट.

तेवढ्या फटीत बसेल एवढंच ते रोज बोलत असत. दिवसभर मनाशी जुळवत असणार. फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा निवांत झाला होता.

मी त्यांना काही सांगितलं नाही. खात्री नसताना सांगणं बरोबर नव्हतं, हे कारण खरं होतं. पण तेवढं एकच कारण नव्हतं.

“काका, आमच्या ऑफिसातून प्रज्ञाला फोन केला तर चालेल? चौकशीसाठी.”

“करा की. फक्त मी तक्रार केली म्हणू नका. तिला वाटायचं, बाप अजून तक्रारीच करतोय.”

दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या रूटने फोन लावला. तो महाग, पण सरळ तिथल्या कंपनीकडे जाणारा. तिने उचलला. काकांच्या फोनवर ऐकलेला आवाज हा नव्हता. मी कोण, कुठून बोलतेय ते सांगितलं.

“तुमच्या नंबरवर थेरगावहून रोज संध्याकाळी कॉल येतो का?”

“नाही. तिथून मला कोणाचाच फोन येत नाही.”

“आमच्याकडे तो रोज उचललेला दिसतोय.”

“नंबर काय आहे?”

मी नंबर सांगितला.

“पप्पा रोज फोन करतात?”

“रोज.”

“त्यांनीच सांगितलं होतं, फोन करू नको म्हणून. मी नंबर पाठवला. म्हटलं, त्यांना बोलायचं असेल तर करतील. आधी ड्युटीवरसुद्धा फोन खिशात ठेवायचे. मग सोडून दिलं, मॅडम.” आणि लगेच म्हणाली, “मी आत्ता लावते त्यांना.”

मी तिला एक दिवस थांबायला सांगितलं. ती आत्ता बोलली असती तर काकांचा रोजचा कॉल बंद झाला असता आणि माझा पुरावाही. मग तो रूट तसाच चालू राहिला असता, इतर कोणाकोणाच्या घरचे कॉल गिळत. हे सगळं मी तिला समजावलं. पण जी इतके महिने थांबली होती, तिला आणखी थांब म्हणणं मला जड गेलं.

“एकच दिवस,” ती म्हणाली.

पुढच्या संध्याकाळी ती स्वतःचा फोन समोर टेबलावर ठेवून बसली. तिची मैत्रीण त्या फोनचा आणि शेजारच्या घड्याळाचा व्हिडिओ घेत होती. माझ्याशी ती रूममध्ये राहणाऱ्या तिसऱ्या मुलीच्या फोनवरून बोलत होती. शिर्के सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. काकांचा कॉल माझ्या स्क्रीनवर आला. काही सेकंदांत पुढे आन्सर्ड उमटलं.

“वाजला?” मी विचारलं.

“नाही.”

“इकडे उचललेला दाखवतोय.”

“म्हणजे आत्ता पप्पा बोलतायत?”

“हो.”

“कोणाशी?”

मी सरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

“कोणाशीच नाही,” मी म्हणाले.

कॉल संपला. तिने मला ठेवते असंही न म्हणता फोन कट केला आणि वडिलांना लावला असणार. मी त्या दिवशी आणखी काही तपासलं नाही.

व्हिडिओ आणि आमचा रेकॉर्ड सप्लायरला गेला. त्याचं उत्तर आलं, टेक्निकल ग्लिच. सरांनी वाद घातला नाही. त्याचं बिल अडवलं, रूट बंद केला आणि मोबाइल कंपनीला गिऱ्हाइकांचे पैसे परत करायला कळवलं. त्या रूटवरचे तसेच सारख्या लांबीचे कॉल आम्ही काढले. ते पुष्कळ निघाले.

काकांचा मला फोन आला. मी वाट बघतच होते.

“ताई, प्रज्ञा बोलली. खूप बोलली. रडली पण.” मग थांबून त्यांनी विचारलं, “मग ती कोण होती?”

“कोणी नाही काका. टेप होती ती.”

“मी रोज सांगायचो तिला सगळं.”

“प्रज्ञाला सांगा आता.”

“सांगतो ना. पण ती विचारती, इतक्या महिन्यांत काय काय झालं, सांगा. मला आठवतच नाही. वाटतं, हे तर सांगून झालंय.”



प्रज्ञा अजून तिकडेच आहे. कॉन्ट्रॅक्ट संपल्याशिवाय हॉस्पिटल सोडत नाही. ड्युटीमुळे फोन कधी लवकर येतो, कधी येतच नाही. आला नाही की काका चिडतात. दोघांचं फोनवर भांडणही होतं, असं मला त्यांनीच सांगितलं, जरा खुशीत.

नवीन मुलं आमच्या टीममध्ये येतात, तेव्हा मी त्यांना एवढंच सांगते. बिल जास्त आलं म्हणून भांडणारं गिऱ्हाईक आपल्याला चोर दाखवतंच. पण बिलाचा शब्दही न काढणाऱ्या गिऱ्हाइकाचं आधी ऐका. ज्याला पलीकडचं माणूस हवं असतं, तो बिल बघत नाही. चोराला हे आपल्याआधी कळलेलं असतं.