अकरा मीटर सरकलेला कोपरा

माझा राग वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. पॉलिटेक्निकमध्ये अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं, त्यात किती डस्टर फेकले त्याची मोजदाद नाही. निवृत्त झाल्यावर उस्मानपुऱ्यात दोन खोल्या घेऊन नकाशे करून देण्याचं ऑफिस काढलं. तिथेही स्टेपलर फेकला, पट्टी फेकली, एकदा पाण्याचा भरलेला तांब्या फेकला. नातेवाईक म्हणायचे, भानुमतीने आता घरी बसून पोथी वाचावी. त्यांनाही काहीतरी फेकून मारलं असतं, पण ते शहाणे होते, लांब बसायचे.

स्वतःला असा राग असला की दुसऱ्याचा चटकन ओळखू येतो. दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात बिभीषण नोकरी मागायला आला, तेव्हा त्याचा राग मला दारातच दिसला. वीस वर्षांचा काटकुळा मुलगा, डिप्लोमा नुकताच झालेला, शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नव्हती. मी सरळ विचारलं, काय झालं बोटांना.

"टँकर आलता, मॅडम," तो म्हणाला.

वाळूजच्या पलीकडे, कारखान्यांच्या शिफ्टच्या बसगाड्या जिथे वळतात तिथून चार किलोमीटरवर त्यांची धनगरांची वस्ती. तो नऊ वर्षांचा असतानाच्या दुष्काळात टँकर यायचा आणि सगळं पाणी गावच्या विहिरीत सोडून निघून जायचा. मग कडेने पन्नास माणसं दोर घेऊन तुटून पडायची. बिभीषणने दोर हाताला गुंडाळला होता. शेजारच्या एका माणसाची बादली त्या दोरात अडकली, त्याने हिसका मारला आणि बोटं गेली. पोर किंचाळत होतं तरी तो माणूस बादली ओढतच राहिला, कारण बादली भरलेली होती. बिभीषणचा बाप सोनाजी धावत आला. त्याने तीच बादली हिसकावून घेतली आणि त्या माणसाचा जबडा मोडला.

"मग?" मी विचारलं.

"मग बादली घरी आणली. आईनं पाणी गाळून भरून ठिवलं."

हे तो हसू न आणता, रडू न आणता सांगत होता. त्याच्या घरच्या सगळ्याच गोष्टी अशा. दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात मेंढ्यांना चारा नव्हता, अंगात दूध नव्हतं. कोकरं पीत राहिली असती तर त्यांच्या आया मेल्या असत्या. एका सकाळी सोनाजीने सतरा कोकरांच्या माना एकेक करून मुरगळल्या आणि बिभीषणने त्यांचे पाय धरून ठेवले. मेंढ्या काट्यांच्या कुंपणाच्या वाडग्यात ओरडत होत्या. त्याच दुपारी पोराने गणिताचा पेपर दिला आणि तो पहिल्या वर्गात पास झाला. मी त्याला नोकरीवर ठेवलं. दया आली म्हणून नाही, पेपर बघून ठेवलं.

आता थोडं कामाचं सांगते, कारण पुढचा सगळा रक्तपात त्यातून झाला.

नकाशातला कोणताही बिंदू म्हणजे दोन आकडे. पूर्वेकडे किती आणि उत्तरेकडे किती, एवढंच. कॉम्प्युटरला शेत सांगायचं तर त्याच्या कोपऱ्यांचे असे आकडे क्रमाने द्यायचे, की झाला गट, म्हणजे नकाशातलं शेत. आमच्याकडचा बाहेरून आणलेला प्रोग्राम रडतखडत चालायचा, म्हणून मी बिभीषणला म्हटलं, आपला तू लिही. त्याने तीन महिन्यांत लिहिला, आणि सुरेख लिहिला. त्यात बिंदू ही एक वस्तू होती, पोटात दोन आकडे घेऊन बसलेली. गट ही दुसरी वस्तू, ती बिंदूंना धरून असायची. शेजारच्या दोन शेतांच्या सामाईक कोपऱ्यासाठी त्याने दोन बिंदू केले नव्हते. एकच केला होता, आणि दोन्ही शेतं त्यालाच धरून होती.

"दोघांचे वेगळे का नाही केलेस?" मी विचारलं.

त्याला माझा प्रश्नच चमत्कारिक वाटला. "बांधावरला दगड येकच असतो, मॅडम. दोन शेतांना दोन दगड कोण लावतं?"

मला ते इतकं आवडलं की मी त्या दिवशी सगळ्यांना कचोऱ्या मागवल्या. अठ्ठावीस वर्षं शिकवून जी गोष्ट मुलांच्या डोक्यात उतरली नव्हती, ती या पोराने बांधावरून उचलून आणली होती. शेतांमध्ये फट पडत नव्हती, एक शेत दुसऱ्यावर चढत नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात मी त्याला म्हटलं, माउसने धरून कोपरा सरकवता आला पाहिजे. तो म्हणाला, "दगड हलवायचा?" त्यांच्याकडे बांधाचा दगड हलवणाऱ्याच्या घरी कोणी पाणी पीत नाही. मी चिडले. अरे, गिऱ्हाइकाला दहा तऱ्हा करून दाखवाव्या लागतात, हा काय खराखुरा दगड आहे? पट्टी उचलली होती की नव्हती ते आठवत नाही. त्याने मुकाट्याने सोय करून दिली. जो बिंदू दोघांनी धरलेला आहे तो एकाच्या बाजूने कधीही हलता कामा नये, नवी जागा हवी तर नवा बिंदू करावा, हे गणित शिकवणाऱ्या बाईला कळायला हवं होतं. मला कळलं नाही.

दोन हजार सोळा उजाडलं. धरण आटलेलं, शहरात आठवड्यातून एकदा पाणी, आणि तरी शहर वाळूजच्या बाजूला वाढतच होतं. आप्पासाहेब नावाच्या बिल्डरने सोनाजीच्या शेताला लागून बारा एकर घेतले आणि प्लॉट पाडायचं काम आमच्याकडे आलं. मोजणी बिभीषणनेच केली. बापाचं शेतही त्याने हौसेने मोजलं, विहिरीसकट. त्या सामाईक बांधापासून सात मीटर आत, कोपऱ्यालगत त्यांची विहीर होती, आणि त्या उन्हाळ्यात त्या सगळ्या टापूत फक्त तिलाच पाणी होतं.

एप्रिलअखेर मी बिभीषणला फर्दापूरला पाठवलं, लेणी बघायला येणाऱ्यांच्या गाड्यांच्या तळाची मोजणी होती. तो तिकडे असताना आप्पासाहेब ऑफिसात आले. म्हणाले, रस्ता सरकणार असं ऐकतोय, हा कोपरा थोडा पलीकडे नेला तर किती प्लॉट बसतात ते सहज बघू. मी मूळ नकाशाला हात लावला नाही, एवढी अक्कल मला होती. मी त्याची प्रत काढली आणि प्रतीतला कोपरा अकरा मीटर सरकवला. प्लॉट वाढले चारच. आप्पासाहेब म्हणाले, राहू द्या. मी प्रत पुसून टाकली.

पण प्रत वरवरची होती. प्रोग्रामने गट नवा केला होता, त्याने धरलेले बिंदू मात्र जुनेच होते. मी प्रतीतला कोपरा ओढला तेव्हा मूळ नकाशातलाही सरकला, आणि सोनाजीच्या शेताचाही सरकला. फट नाही, चढाई नाही, सगळं नीटनेटकं. दोन दिवसांनी मी तो मूळ नकाशा छापला, सही केली आणि देऊन टाकला. त्यात विहीर आप्पासाहेबांच्या हद्दीत होती.

मेच्या अकरा तारखेला तार आणि खांब घेऊन आप्पासाहेबांची माणसं तिथे गेली. त्यांचा मुकादम कडुबा, सिल्लोडकडचा, तोही पोट भरायला शहरात आलेला. बिभीषणची आई सारजाबाई मेंढ्यांना पाणी शेंदत होती. कडुबाने नकाशा उघडून दाखवला आणि म्हणाला, विहीर आमच्यात आहे, बाजूला व्हा. ती हटेना. त्याने तिला ढकललं, ती दगडी काठावर आपटली आणि तिच्या कपाळातून रक्त आलं. मेंढ्या पाण्याच्या वासाने पुढेच घुसत होत्या. कडुबाने लोखंडी गज घेतला आणि एका मेंढीच्या कण्यात घातला. ती मागचे पाय ओढत फिरायला लागली. त्याने दुसरीला मारलं, तिसरीला मारलं.

सोनाजी बाभळीचा पाला तोडत होता. तो कुऱ्हाडीसकट आला. पहिला घाव कडुबाच्या खांद्यावर बसला, दुसरा मानेवर. तारेची भेंडोळी टाकून बाकीचे पळाले. उधळलेल्या मेंढ्यांच्या धुळीत कोणाला काय दिसलं यावर पुढे दोन वर्षं वाद झाला. कडुबा विहिरीच्या काठावर मेला. सोनाजीने कुऱ्हाड धुतली नाही, खाली बसला आणि पोलीस येईपर्यंत मोडक्या मेंढ्यांना ओंजळीने पाणी पाजत राहिला.

बिभीषण फर्दापूरहून तसाच ऑफिसात आला. नकाशा उघडला, मोजणीच्या यंत्रातले मूळ आकडे शेजारी ठेवले. अकरा मीटर. कुठे चुकलं ते त्याला पाच मिनिटांत सापडलं. त्याने कीबोर्ड उचलून टेबलाच्या कडेवर इतक्या वेळा आपटला की त्याचे तुकडे झाले, आणि मग तो मुठीने टेबलच मारत राहिला. मी अडवलं नाही. मला भीती वाटली, त्याची नाही, कोपरा कोणी ओढला ते तो विचारेल याची. त्याने विचारलं नाही. सगळ्या हालचालींची नोंद प्रोग्राम ठेवतो, माझं नाव त्याने वाचलेलं असणार.

सोनाजीच्या वकिलाने हिशोब स्पष्ट मांडला. विहीर सोनाजीच्या हद्दीत होती हे सिद्ध झालं, तर तो स्वतःच्या विहिरीवर, स्वतःच्या बायकोला आणि जनावरांना वाचवत होता. बहुतेक सुटेल, नाहीतर थोडक्यात भागेल. पण छापलेला नकाशा खरा ठरला, तर तो दुसऱ्याच्या जागेत कुऱ्हाड घेऊन घुसलेला माणूस. मग जन्मठेप.

मी बिभीषणला म्हटलं, "यंत्राची चूक झाली म्हणून सांग. कोण तपासणार आहे?"

"यंत्रानं बरोबर मोजलं होतं, मॅडम," तो म्हणाला. एवढंच. त्या क्षणी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी जन्मात वाटली नव्हती, आणि तरीही कोपरा मी ओढला हे मी कबूल केलं नाही.

दोन हजार अठरात तो साक्षीला उभा राहिला. न्यायाधीशांना कळेल अशा भाषेत त्याने बिंदू सांगितला, एकच दगड सांगितला, वरवरची प्रत सांगितली. हा प्रोग्राम मी लिहिला, चूक माझी, असं तीनदा म्हणाला. सरकारी वकिलांनी विचारलं, "कोपरा सरकवला कोणी?" मी मागच्या बाकावर बसले होते.

"सरकंल असा मीच केला होता," बिभीषण म्हणाला.

नंतर मोजणी खात्याचा माणूस आला आणि विहीर सोनाजीची असल्याचं त्याने सांगितलं. आमचा वकील खूश होता. मानेवरचा घाव झटापटीतच बसला, कडुबाच्या हातात गज होता, हे त्याने रंगवून सांगितलं, आणि उलट सांगणारा साक्षीदार नव्हता. सारजाबाईने घरी निरोप धाडला की वाडगं झाडून ठेवा, धनी येतोय.

शेवटी न्यायाधीशांनी आरोपीला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का. वकिलाने डोळ्यांनी खूण केली, नाही म्हण. सोनाजी कठड्याला धरून उभा होता. त्याने आधी लेकाकडे पाहिलं.

"सायेब," तो म्हणाला, "पोरानं हितं सोताची चूक सांगितली. आता म्या कशी लपवू? पयला घाव बसला तवाच त्याच्या हातातला गज पडला. त्यो पळाया लागला व्हता. दुसरा म्या पळत्याला घातला, पाठीमागून. इहिरीसाठी नाय. राग व्हता म्हून."

टाइप करणाऱ्याची बोटं तेवढी वाजत होती. कडुबाची बायको भिंतीपाशी बसली होती, तिने पदर तोंडात कोंबला.

दहा वर्षं सक्तमजुरी झाली.

बाहेर व्हरांड्यात वकील फाइल आपटत आला आणि सारजाबाईसमोर बिभीषणला म्हणाला, "तुझ्या साक्षीनं घात केला. तू एवढा खरेपणा केला नसतास, तर म्हातारा तोंड उघडत नव्हता." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्रेसष्ट वर्षांची बाई, मी त्या वकिलाच्या थोबाडीत मारली. चष्मा उडून पायऱ्यांवर पडला. मी दुसरी मारायला हात उचलला, तो बिभीषणने धरला.

"नका मारू मॅडम," तो म्हणाला. "खरंच बोलला त्यो."

मग त्याने चष्मा उचलून वकिलाला दिला, आणि आईला घेऊन बसस्टँडकडे चालू लागला.