बॉनेट थंड होईपर्यंत

पहाटे सव्वापाचला तुम्ही कुठे असता? खरं सांगा. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात आपल्या माणसांसाठी गळा काढणारे आपण सगळे त्या वेळी पांघरुणात असतो, मीसुद्धा. शुभदाला मात्र एक मार्चपासून त्या वेळी रस्त्यावर असावं लागणार आहे, आणि तिच्याकडे गाडी नाही.

शुभदा इथे हायडेलबर्गमध्ये, रोरबाख भागात राहते. वय सेहेचाळीस. पुण्यात एका शाळेच्या ऑफिसात होती. नवऱ्याच्या, सिद्धेशच्या, सॉफ्टवेअरच्या नोकरीमागे इकडे आली त्याला नऊ वर्षं झाली. गेल्या जूनमध्ये त्याची नोकरी गेली. गाडी कंपनीची होती, ती चावीसकट परत करावी लागली. तो अर्ज करतो, मुलीचा अभ्यास घेतो, पण घराबाहेर फारसा पडत नाही. शुभदाने त्याआधीच म्हाताऱ्या माणसांची देखभाल करण्याचा एक वर्षाचा कोर्स केला होता. भाषेची परीक्षा दोनदा दिली, इथलं लायसन्सही दुसऱ्या खेपेला काढलं. आता घरात तिचा एकटीचा पगार येतो.

तिचा वृद्धाश्रम ओडेनवाल्डच्या डोंगरात, चढावर, एका छोट्या गावात. इतके दिवस दुपारची पाळी होती. जाताना बस मिळायची, येताना कुणीतरी सोडायचं. आता प्रोबेत्साइटचा, म्हणजे कच्च्या नोकरीचा, शेवटचा महिना आला आणि तिथल्या मोठ्या बाईंनी सांगितलं, मार्चपासून सहाची पाळी. पहिली बस तिथे सातला पोचते. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, दुसरं कुणीतरी बघू. गोड आवाजात सांगितलं. इथे असलं सगळं गोड आवाजातच सांगतात.

म्हणून तीन शनिवार आम्ही जुन्या गाड्या बघत हिंडलो. शुभदा मला सोबत नेते कारण मी पुण्यात नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांमध्ये वाढले, आणि इथे पंधरा वर्षं लोकांची घरमालकांशी, ऑफिसांशी होणारी भांडणं अंगावर घेते आहे. कुठल्या कॉलेजात शिकले नाही. फसत फसत शिकले. पहिल्या शनिवारी बघितलेल्या गाडीच्या मीटरवर किलोमीटर कमी आणि पेडलचं रबर पार गुळगुळीत, म्हणजे मीटर मागे फिरवलेलं. दुसऱ्या शनिवारी आम्ही बसमधून उतरेपर्यंत गाडी विकली गेली होती. तिसऱ्या शनिवारची ही गोष्ट.

मानहाइमच्या बाहेर, गोदामांच्या रांगेमागे खडीचं मैदान, पंचवीसेक गाड्या आणि एक कंटेनर, तेच ऑफिस. शुभदाच्या सासूबाई कुसुमकाकू आल्या होत्या बरोबर. तीन महिन्यांसाठी पुण्याहून आल्यात. पर्समध्ये कुंकवाचा करंडा. "घेतलीच तर बोडक्या कपाळाने न्यायची नाही," म्हणाल्या.

गाडी लाल, छोटी, चौदा वर्षांची. ट्यूफचा, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या तपासणीचा, शिक्का ताजा. पण तो ब्रेक, दिवे, धूर बघून देतात. इंजिन किती दिवस जगेल हे शिक्का सांगत नाही. विकणारा साठीचा, कानटोपी घातलेला, बोलायला चांगला. म्हणाला, "तीन आठवडे जागची हलली नाही बिचारी. तरी बघा, एका चावीत सुरू होईल."

शुभदा आत बसून आरसे बघत होती. चेहरा असा की आता हीच घेऊ आणि संपवू. काकूंना ते दिसलं असावं. त्यांनी बोटावर कुंकू घेतलं आणि वाकताना आधाराला डावा हात बॉनेटवर ठेवला.

"अगं शुभदा, ही तर गरम आहे."

"उन्हाने असेल, आई."

"कुठलं ऊन? मी आल्यापासून सूर्य दोनदा दिसलाय."

मी हात लावला. चांगलीच गरम. आता ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. इंजिनाचं दुखणं ते थंड असताना सुरू केलं की ऐकू येतं. गरम असलं की ते गप्प राहतं. म्हणून आपण यायच्या आधी गाडी तापवून ठेवायची. नाना पेठेतही हेच करतात, फक्त तिथे तीन आठवड्यांची गोष्ट सांगत नाहीत.

माझं डोकं फिरलं. मी त्याला जर्मनमध्ये खोटारड्या म्हटलं, आणखीही दोन शब्द बोलले. तो म्हणाला, बॅटरी उतरू नये म्हणून थोडी चालवली. मी पुढचं तोंड उघडणार तेवढ्यात शुभदा गाडीतून उतरली.

"नीताताई, थांबा. तुम्ही भांडून घरी जाल. मला गाडी हवी आहे." मग त्याच्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "ही थंड झाली की सुरू करून दाखवा. आम्ही थांबतो."

"किती वेळ?"

"तुम्ही बंद कधी करता?"

"दोनला."

"मग दोनपर्यंत."

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. हवा दोन डिग्री. शुभदाने खिशातली छोटी वही काढून काहीतरी लिहिलं. काय लिहिलंस, मी विचारलं.

"अकरा दहा, बॉनेट गरम. सवय झालीय. आमच्याकडे लिहिलं नाही ते झालंच नाही असं धरतात. आजोबांना पाणी पाजलं, लिहा. नाही प्यायले, तेही लिहा."

आम्ही तिघी त्या गाडीची राखण करत बसलो. थर्मासमधला चहा संपला, दशम्या संपल्या. विकणाऱ्याने कंटेनरमधून गादीची खुर्ची आणून काकूंना दिली. काकूंनी ती सरळ गाडीसमोर मांडली, म्हणजे त्याला मधेच चावी फिरवायची सोय उरली नाही. अर्ध्या अर्ध्या तासाने उठून त्या बॉनेटला हात लावायच्या.

"अजून नाही. वरणाच्या पातेल्याइतकी आहे."

बाराला, "आंघोळीच्या पाण्याइतकी."

मधे सिद्धेशचा फोन आला. झालं का, विचारत होता.

"थंड होतेय," शुभदा म्हणाली.

"काय?"

"गाडी."

तो म्हणाला, आईला मफलर घालायला सांग.

फोन ठेवून शुभदा मागच्या सीटवर जाऊन बसली आणि बसल्याबसल्या झोपली. आदल्या रात्री दहापर्यंत पाळी करून आली होती. झोपेतही पर्स दोन्ही हातांनी धरलेली. काकू तिच्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "लग्नात एवढीशी होती. कुणी मोठ्याने बोललं की घाबरायची."

पावणेदोनला काकूंनी तळहात टेकवला. "थंड. देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी."

शुभदाने स्वतः चावी फिरवली. इंजिन लागलं आणि डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आवाज आला. सहा-सात सेकंद. मग बंद झाला, आणि मागून निळा धूर. मला वाटतं टायमिंगची चेन सैल होती. ती तुटली की इंजिन गेलं, आणि बदलायला गाडीच्या किमतीइतका खर्च.

"किती दिवस चालेल, ताई?"

"दोन वर्षं चालेल. नाहीतर मंगळवारी चढावर बंद पडेल. खरं सांगू, मला नाही सांगता येणार."

विकणारा म्हणाला, थंडीत सगळ्याच गाड्या कुरकुर करतात, दोनशे युरो कमी करतो. ती रक्कम तिच्यासाठी थोडी नव्हती. शुभदा कंटेनरमध्ये गेली, कराराचा छापील कागद समोर ओढला आणि रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. "इथे लिहा. थंड सुरू करताना सात सेकंद आवाज, निळा धूर, विकणाऱ्याला माहीत आहे. वर्षाच्या आत इंजिन गेलं तर खर्च त्याचा."

"असं कुणी लिहीत नाही."

"मी रोज लिहिते."

त्याने कागदाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि पेनाला टोपण लावलं. शुभदाने पर्स बंद केली. मला एक शब्द बोलायची गरज पडली नाही.

बसमध्ये काकू म्हणाल्या, "खुर्ची मात्र चांगली होती मेल्याची." कुणी हसलं नाही. बोटावरचं कुंकू त्यांनी कधी रुमालाला पुसलं ते मला कळलंच नाही. शुभदा खिडकीला डोकं टेकून बसली होती. स्टेशन जवळ आल्यावर म्हणाली, "न लिहिता घेतली असती तर दोन वर्षं चाललीही असती. मला तेवढीच हवी होती."



हे मी तिला विचारून लिहिते आहे. सिद्धेशला वाचून राग येईल, येऊ दे. चौथ्या शनिवारी आम्ही पुन्हा जाऊ, पण एक मार्च आता नऊ दिवसांवर आहे. तुमच्यातले काही जण रोरबाखहून नेकारगेम्युंडच्या बाजूला, तिच्या आश्रमाच्या वाटेने, पहाटे कामावर जातात, मला नावानिशी माहीत आहे. पेट्रोलमधला वाटा ती देईल, आणि रस्ताभर बोलायला लावणार नाही, तिला झोप हवी असते. गाडी मिळेपर्यंत तिला सोबत न्या. सव्वापाचला ती कोपऱ्यावरच्या बेकरीपाशी उभी असेल. आणि घरची जुनी गाडी विकायची असेल तर मला फोन करा. फक्त आम्ही येईपर्यंत ती थंड राहू द्या.