वाट कागदावर आणणारे पदाजीनाना

पदाजीनाना केणे यांची ओळख मला माझ्या वडिलांच्या मृत्यूने करून दिली. वडील सकाळचा चहा घेऊन खाटेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी तेव्हा तिशीत होतो आणि भिवंडीतल्या एका लूमच्या कारखान्यात मेताजी, म्हणजे कारकून होतो. शाळेत शिकलेल्या कविता मला आजही तोंडपाठ आहेत. त्यांतल्या निदान चार तरी मृत्यूवरच्या आहेत. पण घरात माणूस गेल्यावर पहिली हाक कोणाला मारायची, हे त्यांतल्या एकीतही सांगितलेले नव्हते. मी उंबऱ्यावर बसून त्यांतलीच एक पुटपुटत होतो म्हणे. आईने तो राग पुष्कळ दिवस धरला.

शेजाऱ्यांनी नानांना बोलावले. दापोड्याच्या पलीकडच्या आपल्या गावातून ते सायकलने आले. वय पस्तिशीचे, अंगात पांढरा सदरा. त्यांनी वडिलांना नमस्कार केला आणि मला विचारले, डॉक्टरांना कळवले का? मी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी एकेक गोष्ट क्रमाने सांगितली. आधी डॉक्टरांचा दाखला, कारण त्याच्यावाचून स्मशानात नोंद होत नाही. मग रेशनकार्ड. मग ज्यांची वाट पाहायची त्या नातेवाइकांना निरोप. बहीण नाशिकहून यायची होती. तिच्यासाठी थांबायचे की नाही यावर काकांचा आवाज चढू लागला, तेव्हा नाना आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, घाई न्हाय. मानूस गेला. आता वेल आपला हाय. तुमी सांगाल तवा निघू." त्या दिवशी माझ्या आईला कोणी काही विचारले असेल, तर ते एवढेच. आम्ही बहिणीसाठी थांबलो.

मला मात्र त्यांनी बजावले, "कवी, कविता मागून. आधी रेशनकार्ड शोधा." मी आयुष्यात एक ओळ लिहिलेली नाही, तरी तेव्हापासून नाना मला कवीच म्हणतात.

आज ते पंचाहत्तर वर्षांचे झाले. या चाळीस वर्षांत भिवंडी आणि आसपासच्या गावांत किती घरी ते असे जाऊन उभे राहिले, याची मोजदाद त्यांनी ठेवली नाही आणि आम्हीही ठेवू नये. लोक विचारतात ते प्रश्न तेच असतात, पण विचारणारा प्रत्येक जण ते पहिल्यांदाच विचारत असतो. नाना हे कधी विसरले नाहीत. माणूस घरात गेला तर दाखला कोण देणार? अपघात असेल तर काय करायचे? (त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले: पोलीस येईपर्यंत अंगाला हात लावायचा नाही, आणि शवविच्छेदनाला घाबरायचे नाही.) लाकडे की विद्युतदाहिनी? तान्हे मूल गेले तर जाळायचे की पुरायचे? मृत्यूची नोंद किती दिवसांत? दाखल्याच्या प्रती किती घ्यायच्या? "दोन जास्तीच्या घ्या," ते सांगतात, "बँकवाला एक ठेवून घेतो." आणि शेवटी दर वेळी एकच वाक्य: जे ठरले ते लिहून घ्या, दुःखात डोके चालत नाही.

कोन गावातल्या एका घरात वडील गेले. मुलगा नव्हता, एकच मुलगी. चुलत्यांनी आपला मुलगा पुढे केला होता. मुलीने नानांना बाजूला घेऊन विचारले, मी अग्नी दिला तर चालेल का? शास्त्र काय म्हणते ते नानांनी सांगितले नाही. त्यांनी उलट विचारले, बाबांना विचारले असतेस तर ते काय बोलले असते? ती म्हणाली, "बोलले असते, तू कर, पण रडत बसू नको." नाना म्हणाले, "मग मडकं उचल." चुलते कुरकुरले. नाना त्यांच्याच शेजारून चालत स्मशानापर्यंत गेले. अग्नी मुलीनेच दिला.

लूमवरचा एक उत्तर प्रदेशी कामगार ड्युटीवर असताना गेला, तेव्हाची गोष्टही मी पाहिली आहे. त्याच्या भावाला कळेना, मय्यत गावी न्यायची की इथेच दफन करायची. नाना त्याच्याशी त्याच्या हिंदीत बोलले, फोन लावून म्हाताऱ्या वालिदांना, म्हणजे वडिलांना, विचारायला लावले आणि कब्रस्तानच्या कमिटीकडे स्वतः सोबत गेले. दफन झाल्यावर भाऊ म्हणाला, "चाचा, आप हमारे में के हो क्या?" नाना म्हणाले, "आज के दिन तो हूँ."

असे हे काम. एवढेच लिहून मी थांबलो असतो, तर हा गौरवलेख इतर गौरवलेखांसारखा गोड झाला असता. पण नानांची अट आहे. "माजी चूक लिवशील तर लिव, न्हायतर राहू दे," असे त्यांनी मला पंचाहत्तरीच्या या गौरव अंकाचे काम सुरू होतानाच सांगितले.

ती चूक अशी. नानांच्या गावामागे टेकडी आहे आणि तिच्या पायथ्याशी कातकऱ्यांचा पाडा. या पाड्यात माणूस पुरण्याची रीत आहे. त्यांची पुरणाची जागा टेकडीच्या उतारावर आहे आणि तिथे जाणारी पायवाट केण्यांच्या शेतातून जात होती. बारा-तेरा वर्षांपूर्वी भावकीने ते शेत गोदामासाठी विकले. खरेदीखत करताना कारकुनाने विचारले, जमिनीतून एखादी वाट, एखादी विहीर आहे का? नाना म्हणाले, पाड्याची वाट आहे, पण ती सगळ्यांना ठाऊक आहे, ती काय लिहायची? आणि त्यांनी सही केली. ज्या माणसाने साऱ्या तालुक्याला 'लिहून घ्या' म्हणून सांगितले, त्याने स्वतःच्या दारातली वाट लिहिली नाही. आपल्याकडे असेच होते. जे पिढ्यान्‌पिढ्या पायाखाली असते, ते कागदावर आणायचे कोणाला सुचत नाही.

पुढे कित्येक वर्षे शेत मोकळेच होते. मग भिंत उभी राहिली, फाटक लागले. आणि दोन वर्षांपूर्वी एका दुपारी पाड्यातल्या भिमीबाईंचा नवरा गेला आणि खांद्यावरचा माणूस फाटकापाशी अडला. वॉचमन बिचारा हात जोडून सांगत होता, मालिक का आर्डर नहीं है. नानांना निरोप आला. मीही त्यांच्याबरोबर गेलो. मॅनेजरने खरेदीखताची प्रत आणून दाखवली. वाटेचा उल्लेख कुठेच नव्हता आणि खाली नानांची सही होती.

भिमीबाई रडत नव्हत्या. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "नाना, तू समद्यांना सांगतोस मानूस कुठं न्यायाचा. आमाला सांग."

नानांनी तो कागद हातात घेतला. खालच्या सहीवर बोट ठेवले. मग मॅनेजरला म्हणाले, "ही सही माजी हाय. चूक बी माजी हाय. पन वाट यांची हाय." आणि ते फाटकासमोर मांडी घालून बसले. मॅनेजरने दोन-तीन फोन केले आणि आजच्यापुरते म्हणून फाटक उघडले. माती देऊन परतताना नाना मला म्हणाले, "आजच्यापुरतं मरन नसतं, कवी."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी पाड्याच्या वतीने तहसीलदारांकडे अर्ज केला. पुतणे संतापले. तुमच्यामुळे आमच्या उरलेल्या जमिनीला गिऱ्हाईक येणार नाही, असे ते तोंडावर बोलले. एकाने तर, आता पाड्यावरच राहायला जा, असा टोमणा मारला. नाना जेवत होते. त्यांनी ताटावरून न उठता सांगितले, जागा असेल तर जाईन.

स्थळपाहणीच्या दिवशी अधिकाऱ्यांनी पुरावा मागितला. कागद एकही नव्हता. तेव्हा पाड्यातल्या बायका उतारावर चढल्या आणि पुरलेल्या माणसांच्या उशाशी ठेवलेल्या दगडांवर हात ठेवून सांगू लागल्या, हा माझा सासरा, ही माझी जाऊ, हे माझे लेकरू. नाना प्रत्येक दगडापाशी थांबून ते नाव पंचनाम्यात लिहून घ्या म्हणत होते. अधिकारी दमले, पण नाना नाही. शेवटी वाटेचा आदेश झाला आणि फाटक पाड्यासाठी उघडे राहिले.

गोदामवाल्यांनी मात्र दिवाणी न्यायालयात दावा लावला आहे. तिथे नानांची साक्ष झाली, उलटतपासणी बाकी आहे. त्या खरेदीखतावर सह्या करणाऱ्यांत ती वाट मान्य करणारे आता एकटे नानाच उरले आहेत. बाकीचे वारले किंवा गप्प बसले. उलटतपासणी पुरी झाली नाही, तर त्यांच्या साक्षीला वजन राहणार नाही आणि फाटक पुन्हा बंद होऊ शकेल. समोरचे वकील दर वेळी पुढची तारीख मागतात. का मागतात, हे न कळण्याइतके आम्ही भोळे नाही. गेल्या तारखेला न्यायालयाच्या पायऱ्या उतरताना नाना कठड्याला धरून थांबले, दम घेतला आणि म्हणाले, "त्यांना वाटतं म्हातारा सरंल. मी न्हाय सरत."

नाना, पंचाहत्तरीच्या माणसाला दीर्घायुष्य चिंतावे असा रिवाज आहे आणि तो पाळताना लिहिणाऱ्याला फारसे काही लागत नाही. मला मात्र हे वाक्य लिहिताना मुठी आवळाव्या लागत आहेत. तुमचे गुडघे चालू राहोत. श्वास पुरा राहो. कान तल्लख राहोत, म्हणजे वकिलाचा प्रत्येक प्रश्न तुम्हाला ऐकू येईल. त्यांनी मागितलेल्या सगळ्या तारखा संपेपर्यंत तुम्ही असा. आणि त्या पायऱ्या चढताना या वेळी कठडा धरू नका. आम्ही सगळे येणार आहोत, पाडाही येणार आहे. आमचा हात धरा.